तळ्याकाठचा तंबू: पाण्यापासून किती लांब, आणि का

विचारलेलं थोडक्यात असं: सरकारी वनक्षेत्रातल्या तळ्याकाठच्या कॅम्पग्राउंडवर दोन रात्री तंबूत राहायचं आहे, मुलं बरोबर आहेत, कोणालाच पूर्वानुभव नाही. अगदी पाण्याला लागून असलेली जागा मिळते आहे. ती घ्यावी का, आणि तयारी काय करावी?

ती जागा घेऊ नका. फोटोत ती सगळ्यांत देखणी दिसते म्हणून आधी भरते, पण झोपायला बहुतेक वेळा तीच सगळ्यांत वाईट असते. तळ्याकाठच्या मुक्कामात जे बिघडतं, म्हणजे ओलं अंथरूण, पहाटेची हुडहुडी, डास, वाऱ्याने लोळवलेला तंबू, काठापासून दूर गेलेलं मूल, त्यातलं बरंचसं पाण्यापासूनच्या अंतराशी आणि वाऱ्याच्या दिशेशी जोडलेलं असतं. या दोन गोष्टी नीट कळल्या की सामानात काय हवं ते आपोआप सुचतं.

जागा निवडताना

सूर्य मावळला की जमीन भराभर निवते, तिला टेकलेली हवाही गार होते. गार हवा जड असते. ती उतारावरून पाण्यासारखी घरंगळत खाली येते आणि सगळ्यांत सखल जागी साचते. तळ्याचा काठ म्हणजे त्या परिसरातला सगळ्यांत सखल भाग. शिवाय तिथली हवा पाण्याच्या वाफेने आधीच दमट असते, त्यामुळे थोडी गार झाली तरी दव धरतं. काठापासून साठेक मीटर मागे आणि पाच ते दहा मीटर उंचावर गेलात तरी पहाटेच्या तापमानात दोन-तीन अंशांचा फरक पडू शकतो, आणि ओलाव्यात त्याहून जास्त जाणवतो. उतारावरचा सपाट टप्पा, जिथून झाडांमधून पाणी दिसतं पण जिथे सकाळचं धुकं पोचत नाही, ती खरी जागा. सकाळचं ऊन तंबूवर लवकर येईल अशी, म्हणजे पूर्वेला मोकळी बाजू असलेली मिळाली तर आणखी चांगलं. दव लवकर वाळतं.

काठावर काटक्या, पानं, फेस आणि कचऱ्याची एक आडवी रेघ दिसते. मागच्या वेळी तळं भरलं तेव्हा पाणी कुठवर आलं होतं याची ती खूण असते. तंबू त्या रेघेच्या बऱ्याच वर हवा. तळं नैसर्गिक नसून धरणाचा जलाशय असेल तर ही काळजी दुप्पट घ्यावी, कारण वरच्या खोऱ्यात कोसळलेला पाऊस तुमच्या डोक्यावर ढग नसतानाही पातळी वाढवतो. ओढा तळ्याला मिळतो तिथली सपाट वाळू झोपायला मऊ वाटते, पण तो ओढ्याच्या पुराचा रस्ता आहे.

वाऱ्याचं गणित असं. उन्हाच्या दिवशी जमीन पाण्यापेक्षा जास्त तापते, म्हणून दुपारी वारा तळ्याकडून काठाकडे येतो. रात्री उलट होतं, काठाकडून तळ्याकडे मंद झुळूक वाहते. लांबट तळं असेल तर वारा ज्या टोकाकडे वाहतो तिथे सगळ्यांत जोराचे झोत आणि लाटा पोचतात, कारण मध्ये अडवायला काहीच नसतं. पाण्यात घुसलेल्या टोकावर डास कमी असतात, पण वादळात तंबू तिथेच आधी उखडतो. लव्हाळी आणि पाणकणसांच्या आडोशाची खाडी याच्या उलट: वारा नाही आणि डास भरपूर. मधली जागा शोधावी, जिथे झुळूक लागते पण मागे झुडपांची किंवा तरुण झाडांची रांग आहे.

मग वर बघा. तंबू लावण्याआधी वर बघणं हे या सगळ्यात सगळ्यांत कमी वेळाचं आणि सगळ्यांत महत्त्वाचं काम आहे. वाळलेली फांदी, दुसऱ्या फांदीवर अडकून लटकलेला तुकडा, बुंध्याशी उगवलेली अळंबी, एका बाजूला उचललेली मुळं, साल सुटलेलं खोड यांतलं एकही दिसलं तर त्या झाडाच्या उंचीइतकं अंतर सोडा. काठावरच्या झाडांची मुळं पाण्याने उघडी पडलेली असतात, आणि ती झाडं अनेकदा पाऊस थांबल्यावर, माती भिजून सैल झाली की पडतात. त्यामुळे “वादळ गेलं, आता भीती नाही” हा हिशेब चुकतो.

सार्वजनिक कॅम्पग्राउंडची एक खास अडचण असते आणि ती नवख्यांना ठाऊक नसते. एकाच चौकोनात वर्षानुवर्षं तंबू लागल्याने मधली माती दाबली जाऊन घट्ट आणि किंचित बशीसारखी खोलगट होते. कोरडी असताना ती छान सपाट वाटते. पावसात तिथेच पाणी साचतं, कारण दाबलेली माती पाणी पीत नाही. बाटलीभर पाणी ओतून पाहा. ते कुठे वाहतं आणि मिनिटभरात मुरतं का, एवढं कळलं की पुरे. साचत असेल तर तंबू त्या चौकोनाच्या कडेकडच्या किंचित उंच भागावर सरकवा. थोडा उतार चालतो, उलट तो असलेला बरा. डोकं चढाच्या बाजूला ठेवायचं. तंबूभोवती चर खणू नका. जुनी सवय आहे, पण त्याने जागेची धूप होते, आणि बहुतेक वनक्षेत्रांत त्याला मनाईच असते.

स्वच्छतागृह जवळ हवं, पण लागून नको. दिवा, दाराचा आवाज आणि रात्रभरची ये-जा यांसाठी ४० ते ५० मीटर अंतर ठीक. नळाशेजारची जागाही टाळावी, तिथे कायम चिखल.

हे सगळं उजेडात पाहायचं असतं. सूर्यास्ताच्या किमान दोन तास आधी पोचा. अंधारात निवडलेल्या जागेची चूक दुसऱ्या रात्रीपर्यंत भोगावी लागते.

तंबू

तंबूवर लिहिलेली माणसांची संख्या खांद्याला खांदा लावून झोपल्यावरची असते, माणशी ५५ ते ६० सेंटिमीटर. चौघांसाठी सहा जणांचा घ्या, मग पिशव्याही आत राहतात आणि कोणाचं अंग भिंतीला लागत नाही. भिंतीला लागलेली झोपेची पिशवी सकाळी ओलीच निघते. घरी एकदा पूर्ण लावून, पाईपने पाणी मारून पाहा. गळती बहुतेक शिवणींतून असते, कापडातून नाही; शिवण बंद करायचं द्रावण लावून रात्रभर वाळू द्या.

खाली अंथरायची ताडपत्री तंबूच्या तळापेक्षा चारही बाजूंनी पाचेक सेंटिमीटर लहान हवी. बाहेर आलेली कड फ्लायवरून, म्हणजे तंबूवरच्या बाहेरच्या आच्छादनावरून, ओघळणारं पाणी गोळा करून थेट तुमच्या पाठीखाली आणते. ही चूक इतकी सर्रास होते की “तंबू खालून गळतो” या तक्रारीत आधी हेच तपासावं.

अरुंद किंवा ठेंगणी बाजू वाऱ्याकडे, दार वाऱ्याच्या आड. खुंटीचं डोकं तंबूपासून बाहेर झुकलेलं ठेवा आणि ती पूर्ण ठोका. अर्धी बाहेर राहिलेली खुंटी तरफेसारखी वाकून निघते. सोबत येणाऱ्या बारीक तारेच्या खुंट्या घट्ट मातीसाठी ठीक असतात. काठाच्या वाळूत किंवा कुजलेल्या पानांच्या थरात त्या धरत नाहीत. तिथे २५ ते ३० सेंटिमीटर लांबीच्या रुंद खुंट्या लागतात, किंवा सोपा उपाय: मनगटाएवढ्या जाडीच्या काठीला मधोमध दोरी बांधून ती काठी फूटभर खोल आडवी पुरायची आणि वर माती दाबून बसवायची. वाळू भरलेली कापडी पिशवीही चालते. जाताना खड्डे बुजवायचे.

ताणदोऱ्या “वारा आला तर लावू” म्हणून गुंडाळून ठेवू नका. वारा रात्री दोनला येतो. फ्लाय नायलॉनचा असेल तर भिजल्यावर कापड सैल पडतं, मग ते आतल्या भिंतीला चिकटतं आणि तिथून पाणी झिरपतं. म्हणून झोपण्याआधी आणि पाऊस सुरू झाल्यावर एकदा दोऱ्या पुन्हा ताणायच्या. पॉलिएस्टर इतकं सैलावत नाही. दोऱ्यांना पांढरी फडकी बांधा, मुलं अडखळत नाहीत.

आतली ओल

सकाळी तंबूच्या आतून थेंब टपकतात तेव्हा लोकांना वाटतं तंबू गळला. बहुतेक वेळा तो गळलेला नसतो. झोपेत श्वासातून आणि त्वचेतून एका माणसाचं पाव लिटर किंवा त्याहून अधिक पाणी वाफ होऊन निघतं. चौघांचं मिळून लिटरभर. ते फ्लायच्या गार कापडावर जाऊन बसतं. तळ्याकाठी बाहेरची हवाही दमट, त्यामुळे बाहेर जायला त्याला वाव कमी.

थंडी वाजते म्हणून सगळ्या खिडक्या आणि झडपा बंद करणं ही इथली मोठी चूक. तंबूने ऊब फार धरली जात नाही, ऊब धरते ती झोपेची पिशवी आणि खालची मॅट. तंबू बंद केला की ऊब नाही, फक्त वाफ कोंडते. वाफ पिशवीत शिरते आणि ओलसर भरणाची ऊब कमी होते. म्हणजे थंडी टाळायला झडप बंद केली आणि पहाटे त्यामुळेच जास्त थंडी वाजली. वरची झडप उघडी आणि खालून फ्लायच्या कडेला हात जाईल एवढी फट, दोन्ही हवेत. एकट्या वरच्या झडपेने हवा फिरत नाही. ओले टॉवेल, पोहण्याचे कपडे, चिखलाचे बूट बाहेरच्या ओसरीत. सकाळी ऊन पडायच्या आधी आतली भिंत कोरड्या फडक्याने पुसून काढा, म्हणजे ते पाणी खाली टपकत नाही.

थंडी मुख्यतः खालून येते. हवा भरलेली जाड गादी मऊ असते, पण आत नुसतीच हवा असेल तर ती फिरत राहते आणि अंगाची ऊब जमिनीकडे नेते. तिच्या वर बंद पेशींच्या फोमची साधी चटई टाकली तर फरक लगेच कळतो. मॅटवर ‘आर’ मूल्य, म्हणजे ती ऊब जमिनीत जाण्यापासून किती अडवते याचा आकडा, छापलेलं असतं. उन्हाळ्याच्या रात्रींना २ पुरतं, गारव्याला ३ ते ४, गोठणबिंदूच्या खाली ५ किंवा अधिक. झोपेच्या पिशवीवर दोन आकडे असतात: एक आरामाचा, दुसरा मर्यादेचा. मर्यादेच्या आकड्यावर माणूस आखडून कशीबशी रात्र काढतो. खरेदी आरामाच्या आकड्यावर करा, आणि काठाच्या मुक्कामासाठी अंदाजाच्या नीचांकी तापमानापेक्षा पाच अंश खालची घ्या. प्रत्येकाचा एक जोड कपडे आणि मोजे फक्त झोपण्यासाठी, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेले. ते दिवसा कोणत्याही कारणाने अंगात घालायचे नाहीत.

पिण्याचं पाणी

कॅम्पग्राउंडवर पिण्याचा नळ असेल तर तोच वापरा आणि निघण्याआधी तो त्या हंगामात सुरू आहे का ते विचारा. पिणं आणि स्वयंपाक यांना माणशी दिवसाला ४ लिटर, भांडी-हात धुवायला आणखी २ ते ३.

तळ्याचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी शुद्ध केल्याशिवाय नको. उकळणं सर्वांत भरवशाचं: खदखदून १ मिनिट, समुद्रसपाटीपासून २००० मीटरच्या वर असाल तर ३ मिनिटं. पोकळ तंतूंचे गाळणे, ०.१ ते ०.२ मायक्रॉनचे, जीवाणू आणि जिआर्डियासारखे परजीवी अडवतात, पण विषाणू त्यांतून जातात. क्लोरिनच्या गोळ्या विषाणू आणि जीवाणू मारतात, पण क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीला त्या पुऱ्या पडत नाहीत. शिवाय पाणी गार किंवा गढूळ असेल तर त्यांना जास्त वेळ लागतो. म्हणून वस्तीच्या किंवा गुरांच्या जवळच्या तळ्याला आधी गाळणं आणि मग गोळी, किंवा सरळ उकळणं. गाळणी गोठू देऊ नका, एकदा गोठलेल्या तंतूंना चिरा पडतात आणि त्या डोळ्यांना दिसत नाहीत.

एका बाबतीत मात्र उकळूनही भागत नाही. पाण्यावर हिरवा रंग सांडल्यासारखी साय, वाटाण्याच्या सूपसारखा दाटपणा किंवा निळसर-हिरव्या रेघा दिसल्या तर ते नील-हरित शैवाल असू शकतं. त्यातल्या काही जाती विष तयार करतात. उकळण्याने ते विष नष्ट होत नाही, उलट पेशी फुटून अधिक बाहेर पडू शकतं. साध्या गाळण्याने आणि गोळ्यांनीही जात नाही. त्या पाण्यात पोहणंही नको, आणि कुत्रा बरोबर असेल तर त्याला विशेष जपा, कारण तो ते पितो आणि अंग चाटतो. वारा ही साय एका काठाला ढकलत नेतो, त्यामुळे सकाळी स्वच्छ असलेला काठ संध्याकाळी तसा नसतो.

अंघोळ, भांडी, कपडे यांपैकी काहीही तळ्यात नाही. ‘जैवविघटनशील’ साबणही नाही. तो मोडायला मातीतले जीवाणू लागतात, पाण्यात तो तसाच राहून जलचरांना त्रास देतो. सांडपाण्याची सोय असेल तर तिथे. नसेल तर पाण्यापासून ६० मीटर दूर जाऊन, अन्नकण गाळून कचऱ्यात टाकून, उरलेलं पाणी मोठ्या जागेवर शिंपडायचं. शौचाला स्वच्छतागृहच. तिथून दूर भटकंतीत वेळ आलीच तर तेवढ्याच अंतरावर १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा, आणि कागद परत आणायचा.

चूल आणि शेकोटी

स्वयंपाक गॅसच्या छोट्या शेगडीवर करा, शेकोटी बसायला ठेवा. शेकोटीवर बंदी कोणत्याही कोरड्या आठवड्यात येऊ शकते, आणि मग मुलं उपाशी राहायला नकोत. वारा नसताना लिटरभर पाणी उकळायला साधारण १२ ते १५ ग्रॅम गॅस लागतो, वाऱ्यात दुप्पटही. २३० ग्रॅमचा डबा चौघांना दोन दिवसांसाठी जेमतेम, म्हणून दोन घ्या. नुसत्या ब्युटेनचा डबा शून्याच्या जवळ मंदावतो, कारण ते उणे ०.५ अंशाला उकळतं. गार रात्रींना आयसोब्युटेन आणि प्रोपेनचं मिश्रण हवं. शेगडी डब्यावरच बसणारी असेल तर भोवती वाऱ्याचा आडोसा पूर्ण वेढून लावू नका. उष्णता कोंडून डबा तापतो आणि फुटू शकतो. जेवणाच्या टेबलाचा किंवा दगडाचा आडोसा एका बाजूने पुरे.

शेगडी, कंदील, निखारे यांतलं काहीही तंबूत नाही, ओसरीतही नाही. हे अगदी निक्षून सांगायला हवं. विझत आलेले कोळसे उबेसाठी आत आणल्याने माणसं झोपेतच मरतात. धूर दिसत नाही, वास येत नाही, पण कार्बन मोनॉक्साइड निघत राहतो, आणि झडपा उघड्या असल्या तरी भरवसा नाही.

शेकोटी ठरवून दिलेल्या कड्यातच. काठावरचे दगड उचलून नवं कडं रचू नका: पाण्यात भिजलेल्या दगडांच्या चिरांतलं पाणी तापून वाफ होते आणि दगड तडकून तुकडे उडतात. जळण घरून आणू नका. लाकडाच्या सालीत कीड आणि बुरशी लपून दूरवर जाते. उत्तर अमेरिकेत अॅश झाडांचा फडशा पाडणारा पाचूरंगी भुंगा, जो २००२ मध्ये मिशिगनमध्ये सापडला, लोकांनी वाहून नेलेल्या जळणातूनही पसरला. कॅम्पग्राउंडवर मिळणारं लाकूड घ्या, किंवा परवानगी असेल तर जमिनीवर पडलेल्या, हाताने कट्‌कन मोडणाऱ्या काटक्या. न मोडता वाकते ती ओली. काठालगतची लाकडं बहुधा ओलीच असतात.

विझवताना बादलीभर पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता, आणि मग उलट्या हाताने वरून चाचपून पाहा. ऊब लागली तर अजून विझली नाही. मातीने झाकणं म्हणजे विझवणं नव्हे. झाकलेला निखारा तासन्‌तास जिवंत राहतो आणि खालच्या कुजलेल्या पानांच्या थरातून मुळांना लागतो. झोपण्याच्या अर्धा तास आधी नवं लाकूड टाकणं थांबवा, म्हणजे विझवायला राख उरते, जळता ओंडका नाही.

अन्न आणि प्राणी

सार्वजनिक कॅम्पग्राउंडवरच्या प्राण्यांना माणसाच्या डब्यांची ओळख झालेली असते. अन्न, कचरा, टूथपेस्ट, साबण, लोशन, म्हणजे वास असलेलं सगळं बंद गाडीत किंवा तिथल्या लोखंडी पेटीत ठेवा. अस्वलांचा प्रदेश असेल तर तिथले नियम शब्दशः पाळा, काही ठिकाणी गाडीतही ठेवायला मनाई असते. तंबूत बिस्किटाचा पुडा ठेवला तर मोठा प्राणी येईलच असं नाही, पण उंदीर तंबूचं कापड कुरतडून आत येतो. सांडलेलं अन्न लगेच उचला.

डासांसाठी लांब बाह्यांचे सैल कपडे, आणि २० ते ३० टक्के डीट किंवा २० टक्के पिकारिडिन असलेलं, अंगाला लावायचं डासरोधक. डीटने प्लॅस्टिक, चष्म्याच्या काचा आणि काही कृत्रिम कापडं खराब होतात, पिकारिडिनने नाही. कपड्यांवर पर्मेथ्रिन हे कीटकनाशक मारलं असेल तर ते कपडे घालून पाण्यात उतरू नका, माशांसाठी ते अत्यंत विषारी आहे.

मुलं आणि पाणी

इथे थोडं थांबून वाचा. तळं समुद्रासारखं गर्जत नाही, म्हणून त्याची भीती वाटत नाही.

वारा काठाकडून पाण्याकडे वाहतो तेव्हा काठाजवळचं पाणी सगळ्यांत शांत दिसतं, कारण तिथे लाटा तयार व्हायला अंतरच मिळालेलं नसतं. नेमका तोच वारा हवेची गादी, फुगवलेलं बदक किंवा छोटी होडी आत ओढत नेतो, आणि तीस-चाळीस मीटर गेल्यावर वाऱ्याचा जोर आणि लाटा दोन्ही वाढतात. मूल ज्या वेगाने पोहू शकतं त्यापेक्षा जास्त वेगाने रिकामी गादी सरकते. म्हणून पाण्यात उतरण्याआधी काठावर चिमूटभर वाळलेलं गवत सोडून पाहायचं. ते तळ्याकडे गेलं तर त्या वेळी फुगवलेली खेळणी बाहेर. जी निसटली तिच्यामागे कोणीही पोहत जायचं नाही, हे मुलांना आधीच सांगून ठेवा.

जलाशयाचा काठ पायऱ्या-पायऱ्यांनी खचलेला असतो: गुडघाभर पाण्यातून पुढचं पाऊल डोक्याएवढ्या पाण्यात. तळाला जुनी झाडं, तारा, गाळ. मोठ्या माणसाने आधी चालत जाऊन, काठी टेकवत हद्द ठरवावी आणि ती खुणेने दाखवावी. उडी कुठेही नाही.

वरचा फूटभर थर उन्हाने कोमट आणि खाली एकदम गार, हे तळ्यांत नेहमीचं. १५ अंशांखालच्या पाण्यात अचानक पडल्यावर पहिला मिनिटभर श्वास आपोआप धापांनी चालतो आणि तोंड पाण्याखाली असेल तर पाणी आत जातं. त्यानंतर साधारण दहा मिनिटं हातपाय कामाचे राहतात. मग चांगला पोहणाराही हात उचलू शकत नाही. शुद्ध हरपायला मात्र तासभर लागू शकतो, म्हणजे तरंगत राहिलात तर वेळ आहे. त्यामुळेच जीवरक्षक जॅकेट घातलेला असावा लागतो, होडीत ठेवलेला नव्हे. मापाचा आहे का ते खांद्यांना धरून उचलून बघा: हनुवटी आणि कान त्यात बुडाले तर मोठा आहे. दंडात घालायचे फुगे ही सुरक्षा नव्हे.

बुडणारं मूल ओरडत नाही. एका वेळी एक ठरलेला मोठा माणूस फक्त पाण्याकडे बघेल, फोन नाही, स्वयंपाक नाही, आणि वीस मिनिटांनी पाळी बदलताना तसं तोंडाने सांगेल. “सगळेच बघत होते” म्हणजे कोणीच बघत नव्हतं.

वीज

लखलखाट आणि गडगडाट यांमधल्या सेकंदांना तीनने भागलं की किलोमीटर मिळतात. तीस सेकंदांच्या आत आवाज आला की पाण्यातून, होडीतून, काठावरून लगेच निघा आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं परतू नका. तंबू विजेपासून काहीही वाचवत नाही, त्यातले धातूचे खांब तर नाहीच. पक्की इमारत किंवा धातूच्या छताची बंद गाडी. तळ्यावर आपणच सगळ्यांत उंच असतो, आणि काठावरचं एकटं झाड त्याहून वाईट.

रात्री तळ्यावर आवाज आश्चर्य वाटेल इतका दूर जातो. पाण्यालगतची हवा गार आणि वरची तुलनेने उबदार असली की ध्वनी वर न जाता वाकून पुन्हा खाली येतो. पलीकडच्या काठावरचं बोलणं शब्दांसकट ऐकू येतं, तसंच तुमचंही. गाडीची दारं वारंवार आपटू नयेत म्हणून रात्री लागणारं सामान अंधार पडण्याआधीच काढून ठेवा.

निघताना

तंबू उन्हात वाळवूनच गुंडाळायचा. तसं जमलं नाही तर घरी पोचल्यावर त्याच दिवशी पसरा. ओला बांधून ठेवलेला तंबू एक-दोन दिवसांत बुरशी धरतो, आणि आतला जलरोधक थर एकदा चिकट होऊन सुटायला लागला की तो तंबू गेलाच. खुंट्या मोजून घ्या.

पाण्यात गेलेलं सगळं, म्हणजे होडी, वल्ही, जॅकेटं, बूट, मुलांची जाळी, तिथेच झटकून, अडकलेली शेवाळं आणि चिखल काढून, आतलं पाणी काठावर ओतून रिकामं करा आणि दुसऱ्या कोणत्याही तळ्यात नेण्याआधी किमान पाच दिवस पूर्ण कोरडं राहू द्या. बोटाच्या नखाएवढा पाणवनस्पतीचा तुकडा किंवा शिंपल्याची डोळ्यांना न दिसणारी पिल्लं एवढ्या वाटेनेही दुसऱ्या पाण्यात पोचतात. बुटांच्या नाड्या आणि तळव्यांच्या खाचा याच सगळ्यांत जास्त राहून जातात, तिथे जुना ब्रश फिरवा.